आईची दीक्षाभूमी आणि न्हाणीजवळची छत्री

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महागावच्या स्टँडवर उतरले ती ठरवूनच... आईचा टीव्ही सुरू केल्याशिवाय यवतमाळला परत जायचं नाही.

आईबाबा लग्न झाल्यापासून दरवर्षी दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचे. यंदा उन्हाळ्यात बाबा गेले आणि आईचा गुडघा असा सुजला की बसची पायरी चढवेना. तरी घरात शिरले तर पांढरी साडी इस्त्री करून खुंटीवर लावलेली.

घरात टीव्ही होता, पण मुका. बोंडअळीनं ओळीनं कापूस खाल्ला तसं गावात एकेकानं केबल सोडलं, मग केबलवाल्यानंही वायर गुंडाळली. मोबाईलला रेंज पाहिजे तर पाण्याच्या टाकीखाली जाऊन उभं राहायचं. बाबांनी बांबूवर चढवलेला जुना काड्यांचा अँटेना होता, त्याचा उपयोग आता कावळ्यांनाच.

मग मी आणि दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, दुकानात गेलो. दादाला रिचार्जवाली डिश हवी होती, त्यात चॅनल जास्त. मी फुकटवाल्या डिशचा, म्हणजे बिनरिचार्जच्या छत्रीचा, हट्ट धरून बसले... रिचार्जचं काही अडलं आणि नेमका उद्याच पडदा काळा झाला तर आईला काय तोंड दाखवायचं? दुकानात बऱ्यापैकी भांडलो आम्ही. शेवटी मी जिंकले, कारण भांडणात मी कधी हरत नाही.

छत्रीही दोन आकारांत होती. दुकानदार म्हणाला लहान पुरते, तरी दोघांनी एकमतानं मोठी उचलली. घ्यायची तर मोठी, हा आमच्या घराण्याचा जुना रोग. त्यानं स्टँडवर तिचा तिरपेपणा बसवून दिला, दक्षिण-पूर्वेकडे तोंड करा म्हणून सांगितलं, आणि बसवणारा माणूस दसरा झाल्यावरच येईल असंही. आम्ही माना डोलावल्या आणि घरी येईपर्यंत सगळं विसरलो.

दसऱ्याच्या सकाळी शेजारचे शेषरावकाका कापसाची वेचणी बाजूला ठेवून मदतीला आले. अँटेना म्हटलं की उंच, हे आमच्याकडे सगळ्यांच्या हाडात भिनलेलं. कौलांवर बांबू, बांबूला छत्री. आणि तोंड कुठं? काका म्हणाले, "नागपूर तर तिकडं हाय ना." कार्यक्रम नागपूरचा, मग तोंड नागपूरकडेच... मलाही हे इतकं पटलं की आता आठवून हसू येतं.

टीव्हीवर निळा पडदा. नो सिग्नल. दादा वर, काका शिडीवर, मी दारात उभी राहून दोघांवर ओरडतेय. दुपार होता होता मला दुकानदाराचं बोलणं आठवलं. छत्री फिरवली तर चित्र आलं एकदाचं, पण वारा सुटला की एवढी मोठी छत्री बांबूवर डुलायची आणि चित्राचे तुकडे तुकडे.

ऊन कललं. आई पांढरी साडी नेसून खाटेवर बसली होती. "राहू दे व पोरी," ती म्हणाली, "पुढच्या साली जाईन मी." तिचा गुडघा पाहता पुढच्या वर्षीचं काय ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मला रडूच आलं. रडू आलं की मी चिडते, तशी चिडले आणि म्हटलं, काढा तो बांबू, काही नको आता.

दादानं बांबूवरून छत्री सोडवली. वायर तशीच लोंबत होती. काकांनी ती स्टँडसकट अंगणात न्हाणीजवळ टेकवली, वर होती तशाच तोंडानं, आणि पाणी प्यायला वळले. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "अरे, दिसून राह्यलं. स्वच्छ दिसून राह्यलं."

आम्ही जागच्या जागी थांबलो. "हात नोका लावू कोणी," काका म्हणाले आणि स्वतःच चोरपावलानं दगड आणून स्टँडभोवती रचले. छत्रीला उंची कधी लागतच नव्हती... मोकळं आभाळ आणि स्थिर पाय, बस.

संध्याकाळी थेट प्रक्षेपण लागलं. पांढराशुभ्र स्तूप, समोर माणसांचा समुद्र. आई पडद्याजवळ सरकली आणि काहीतरी शोधत राहिली. तिकडे त्रिशरण-पंचशीलाची वंदना सुरू झाली तशी खाटेचा आधार घेत, दुखऱ्या गुडघ्यावर उभी राहिली. हात जोडले... आणि डोळे मिटून घेतले.

दिवसभराची सगळी मरमर चित्रासाठी, आणि बाईसाहेब डोळे मिटून उभ्या. दादानं माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. पंचशील संपल्यावर मी न राहवून विचारलं, डोळे काहून मिटले व माय?

"डाव्या अंगाले, झाडापाशी बसत होतो आम्ही," ती म्हणाली. "ती जागा पाहून घेतली. मंग डोये मिटले तं तुये बाबा बाजूलेच होते."

न्हाणीजवळचे दगड अजून तसेच आहेत. आईनं त्यांच्याभोवती शेणाचा सडा घालायला सुरुवात केलीय, आणि शेषरावकाकांच्या कोंबड्यांना तिकडे फिरकायची बंदी आहे. मी यवतमाळला परत आले. खूप दिवसांनी निवांत झोपले.