मिकलगेटचा बार

यॉर्कला मी चार वेळा गेलो, दर वेळी तीन दिवसांसाठी. डिचोलीतल्या आमच्या कारखान्यासाठी तिथून यंत्रं येत. ती निघण्याआधी तपासून सही करायची, एवढंच काम. उरलेल्या वेळात मी शहर बघायचो, पण जीव मुठीत धरून. शहराच्या जुन्या तटबंदीवरून चालताना सारखा खिसा चाचपायचा: पासपोर्ट आहे ना? तिकीट? शेजारून म्हातारी जोडपी निवांत गप्पा मारत जात. मला त्यांचा हेवा वाटे.

चौथ्या खेपेला तर मन थाऱ्यावरच नव्हतं. गुरुवारी आईची अँजिओप्लास्टी ठरली होती. मंगळवारचं विमान मिळालं तरच मी बुधवारी मुळगावला घरी पोचणार होतो. चुकलं, तर ती मला न भेटताच आत जाणार.

मंगळवारी तिथल्या कंपनीतले एक वयस्कर इंजिनियर मला विमानतळावर सोडणार होते. म्हणाले, “एक वाजता मिकलगेट बारपाशी थांबा.” या शहरात ‘गेट’ म्हणजे रस्ता, हे मी पहिल्या खेपेलाच तासभर भटकून शिकलो होतो. म्हणून हुशारीने मिकलगेट नावाचा रस्ता गाठला आणि बार शोधायला लागलो. आम्हा गोंयकारांना बार शोधायला का शिकवायला हवं? रस्त्यावर पबच पब. बॅग ओढत एकात शिरलो आणि विचारलं, “मिकलगेटचा बार हाच का?” पोऱ्या वाटावा असा तो बारवाला हसला, काउंटरवर थाप मारून म्हणाला, “हो साहेब, बार हाच.” मी बसलो.

एक वाजला. सव्वा वाजला. फोन आला.

“कुठे आहात?”

“बारमध्ये.”

“मीही बारपाशीच आहे. तुम्ही दिसत नाही.”

“मी काउंटरसमोरच बसलोय!”

पलीकडून त्यांचं मोठ्ठं हसणं. तिथे ‘बार’ म्हणजे तटातला दगडी दरवाजा, आणि तो त्याच रस्त्याच्या वरच्या टोकाला होता. म्हणजे त्या शहरात गेटला बार म्हणतात आणि रस्त्याला गेट. मी चढावर अक्षरशः धावत सुटलो. डोळ्यांपुढे फक्त ऑपरेशन थिएटरचं बंद दार होतं.

गाडीत बसल्यावर इंजिनियर म्हणाले, वेळेत पोचू. मी लगेच बहिणीला फोन लावला, म्हटलं, “निघालो गो. गुरुवारच्या आधी पोचतो.”

ती म्हणाली, “अरे, ऑपरेशन कालच झाला. तुका सांगू नको म्हणान आईन शपथ घातलेली.”

मला आधी राग आला, मग रडू फुटलं. काल ती आत गेली तेव्हा तिच्या उशाशी मी नव्हतो, आणि मी नसावं हे तिनेच ठरवलं होतं. शेजारी इंजिनियर आपले समोर बघून गाडी चालवत राहिले.

बहिणीने फोन आईकडे दिला. आवाज अगदी बारीक होता.

“तुका सांगला असता तर तू थंय घाबारतलंस, वाट चुकतलंस. आता माका बरा आसा. तू शांतपणान फिरलंस मां?”

“होय गे आये,” मी म्हटलं. “मजेत फिरलंय.”