टेलरकाकूंनी लावलेला खिसा

टेलरकाकू माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, खांद्यांकडे बघत. नमस्कार केला तरी त्यांची नजर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जाई आणि मग त्या म्हणत, "एक खांदा उतरलाय तुमचा. बसा." यवतला स्टँडसमोर त्यांचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं आणि प्लायवूडच्या पलीकडे माझं व्हिडिओ गेम पार्लर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. डिप्लोमाला दोनदा नापास झाल्यामुळे मी उद्योजक झालो होतो.

गावात काहीही बिघडलं की काकूंचा एकच प्रश्न असे, "माप घेतलं होतं का?" नव्या मोरीत ट्रॅक्टर अडकला तेव्हा हाच प्रश्न, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही हाच. मला तो त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला. माझी पाटी दुकानापेक्षा हातभर रुंद निघाली होती आणि तिचं शेवटचं अक्षर काकूंच्या दारावर आलं होतं.

पार्लरमध्ये त्या पहिल्यांदा आल्या त्या भांडायलाच. "मालक, तुमच्या मशिनच्या दणक्यानं माझी शिलाई वाकडी जातीय." मी आवाज कमी करायला वाकलो आणि मागे वळून बघतो तर काकू पडद्यासमोर उभ्या. किल्ला सर करायचा गेम होता. सुरुवातीला चार गडी दिसत, त्यातला एक आपला म्हणून निवडायचा. तीन पुरुष होते आणि चौथी भालेवाली बाई.

"हिला कुणी घेत न्हाई व्हय?"

"नाही काकू. बाई घेऊन हरलं तर पोरं चिडवतात."

"आन् जिंकलं तर?"

याचा अनुभव यवतमध्ये कुणालाच नव्हता.

मग त्यांनी कपडे तपासले. पुरुषांना गळ्यापासून टाचेपर्यंत चिलखत होतं. बाईला चोळीएवढं काहीतरी आणि कमरेला एक पट्टा. "गड्यांना लोखंड आन् हिला अर्धा मीटर," काकू म्हणाल्या. "लढायला निघालीय ना ही? भाला उचलला की काखेत उसवंल. कुठल्या टेलरनं शिवलंय हे?" मी म्हणालो, कंपनी परदेशातली असते. "तरीच," त्या म्हणाल्या आणि हँडल हातात घेतलं.

त्या दिवसापासून दुपारी दोनला, गिऱ्हाईक नसताना, काकू येत. सुईखालून कापड सरकवावं तसं हँडल सरकवत आणि उजवा पाय आपोआप पायडल मारत राही. पोरं पाच मिनिटांत मरत. काकू एका चान्सवर पाऊण तास काढत. बाई पडली की "दोरा तुटला" म्हणून निघून जात, त्याच दिवशी दुसरा चान्स कधी घेत नसत. त्यांना एवढंच बघायचं होतं, की किल्ला जिंकल्यावर या बाईचं काय होतं. तिला शेवटपर्यंत कुणी नेलंच नव्हतं. पौषात त्या शेवटच्या बुरुजावर, किल्ला राखणाऱ्या सैतानासमोर पोचल्या. "सैतानाला दोन दणके कमी पडले," त्या म्हणाल्या. "पाटसला भाचीच्या घरी बारसं हाय. आल्यावर बघते त्याच्याकडं."

त्या पाटसला गेल्या आणि मला धंदा वाढवायची कल्पना सुचली. बायका गेम खेळतात, हे मला काकूंमुळे कळलं होतं. कोणता खेळतात, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं नाही. दौंडला मशिनचा माल पुरवणारा डीलर होता. तो म्हणाला, "लेडीजसाठी वेगळा माल आलाय. मारामारी न्हाई. झाडावरनं फळं पडत्यात, टोपलीत धरायची. आन् मशिन गुलाबी करा." मी मशिनच्या आतला किल्ल्याच्या गेमचा बोर्ड काढून त्याला देऊन टाकला आणि फळांचा आणला. मशिन गुलाबी रंगवलं, वर प्लास्टिकची फुलं डकवली. संक्रांत होतीच, म्हणून पार्लरमध्ये हळदीकुंकू ठेवलं आणि वाण म्हणून प्रत्येकीला एकेक टोकन.

पंचवीसेक बायका आल्या. एकीने पडणारी फळं बघितली आणि म्हणाली, "दिसभर अंजिराच्या बागंत हेच करती की मी. हितं बी टोपलीच?" तिळगूळ घेऊन, टोकन पदराला बांधून सगळ्या घरी गेल्या. पुढचा आठवडाभर त्यांची पोरं माझ्याकडे फुकट खेळली.

काकू एसटीतून उतरल्या त्या थेट पार्लरमध्ये. गुलाबी मशिनकडे बघत म्हणाल्या, "आपली बाई कुठाय?"

"दौंडला दिली."

"कुणाला इचारून?"

"काकू, तुम्हा बायकांसाठीच तर केलं सगळं."

"माप घेतलं होतं का?"

त्यानंतर त्या आल्याच नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, रस्त्यात भेटल्या तरी माझ्या खांद्यांकडे बघेनात.

शेवटी मी दौंडला गेलो. बोर्ड शिरूरच्या पार्लरला गेल्याचं कळलं. ते काकूंना जाऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्या आणि मी चौफुल्याला गाडी बदलून शिरूरला निघालो. पार्लरवाल्याने विचारलं, "मावशी, पोराला शोधताय का?"

"बाईला शोधतीय," काकू म्हणाल्या.

पहिल्यापासून सुरू केलं, एकाच चान्सवर. सगळी पोरं आपापली मशिनं सोडून मागे जमली. काकूंचा पाय पायडल मारत होता. सैतान पडला. किल्ल्याचं दार उघडलं, नगारे वाजले, सिंहासन आलं आणि त्यावर ऐटीत बसलेला दिसला तो चार गड्यांतला पहिला, तलवारवाला पुरुष.

बनवणाऱ्यांनी शेवट एकच काढून ठेवला होता. कुणीही जिंको, बसणार तोच.

काकूंनी हँडल सोडलं. "म्हंजी त्यांना वाटलंच न्हाई, कुणी हिला हितवर आणंल," त्या म्हणाल्या.

मी बोर्ड दुप्पट पैसे मोजून परत घेतला. एसटीत म्हणालो, "काकू, माझं चुकलं." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमचं गुलाबी आन् त्यांचं अर्धा मीटर. एकाच ताग्यातलं कापड हाय." हे मला अपमानापेक्षा बढतीसारखं वाटलं. परदेशी कंपनीच्या रांगेत मला आजवर कुणी बसवलं नव्हतं.

आठ दिवसांनी त्यांनी मशिनला कव्हर शिवून आणलं, लोक टीव्हीला घालतात तसं. त्यावर रंगीत तुकडे लावून किल्ला केला होता आणि किल्ल्याच्या दारात ती बाई बसली होती, पाय पसरून, भाला भिंतीला टेकवून. अंगात पुऱ्या बाह्यांचं चिलखत, आणि चिलखताला खिसा. मी बोट घालून बघितलं, खिसा खरा होता.

"खिसा कशाला?"

"एवढं जिंकली. ठेवायचं कुठं?"

मग रोजचं सुरू झालं. सैतान पडला, की सिंहासन यायच्या आत काकू कव्हर झटकन पडद्यावर टाकत. आत नगारे वाजत, बाहेर काकू कव्हराकडे बघत उभ्या राहत. नगारे थांबले की ब्लाउज कापायला जात. पुढे पोरंही भालेवाली घ्यायला लागली. "कव्हर टाका" हा जिंकल्याचा शब्द झाला.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मग हायवे रुंद झाला आणि आमची दोन्ही दुकानं त्यात गेली. काकू पाटसला राहायला गेल्या. निघताना त्यांनी माझ्या खांद्यांकडे बघितलं. "आता दोन्ही उतरलेत. म्हंजी सारखे झाले." टेम्पोत बसल्यावर पुन्हा वाकून म्हणाल्या, "कव्हर गार पाण्यात धुवा. तांबडा रंग हाय, जाईल."

त्या वारल्याचं मला महिन्याने कळलं. ते कव्हर आता आमच्या वॉशिंग मशिनवर आहे. खिशात माझी मुलगी चार्जर ठेवते. खाली मशिन असूनही कव्हर मी हातानेच धुतो, गार पाण्यात. तांबडा अजून गेलेला नाही.