गाडीतले जपानी स्पीकर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आम्हा भावांत कधी काही झालंच नाही. झालं होतं. अगदी थोडा वेळ – पण झालं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत डिंडोलीला आम्ही दोघे भाऊ बायकामुलांसह एकाच घरात राहायचो. दादा बमरोलीला पॉवरलूमवर. वडील गेल्यावर धुळ्याकडून तो आधी आला, मग मला आणलं, आयटीआय करवलं. मी हजीऱ्याच्या एका प्लँटमध्ये लागलो आणि पुढे एक जुनी मारुती घेतली.

लूमच्या खडखडाटात दादाचे कान गेले होते. घरात हे कुणी बोलत नसे. तो आमच्या ओठांकडे पाहायचा, हसायचा, "हा, हा" म्हणायचा. आम्हीही चालवून घ्यायचो. सोयीचं होतं ना?

गाडीतला टेप खरखरायचा. मला चांगल्या आवाजाचं वेडच लागलं होतं. दुबईला येणं-जाणं असलेल्या एका ओळखीच्याकडून जपानी स्पीकर मागवले. दोन मोठे मागच्या काचेखाली, दोन पुढच्या दारांत, डिकीत अ‍ॅम्प्लिफायर. उधन्याच्या कारागिराने दारं कापली तेव्हा मी शेजारून हललो नाही. पहिलं गाणं लावलं – तबला कुणी माझ्याच मांडीवर ठेवून वाजवावा तसा ऐकू आला. नोकरी लागली तेव्हाही मी इतका खूश नव्हतो.

सुट्टीच्या दिवशी प्लँटमधले मित्र ऐकायला आले. गाडी दारातच उभी. तेवढ्यात दादा पाळीवरून आला, हातात डबा, केसांत सुताची पांढरी धूळ. मीच त्याला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. आवाज मोठा केला. तो जरा गोंधळला. मग त्याने तळहात दारावर, स्पीकरच्या जाळीवर ठेवला – आणि त्याचा चेहरा बदलला. डोळे मिटले. बोटं हलकेच हलायला लागली.

मला कळलं, तो हाताने ऐकतोय. हे मी मुद्दाम सांगतोय. मला कळलं होतं.

खिडकीशी वाकलेला एक मित्र गुजरातीत म्हणाला, "काकाने पूछ ने, केवुं वागे छे?" काकांना विचार, कसं वाजतंय. त्याने एवढंच म्हटलं. पुढचं माझं. मी बटण फिरवून आवाज पूर्ण बंद केला. टेपवरचे हिरवे दिवे नाचत राहिले. मित्रांकडे बघून डोळा मारला, आणि दादाच्या खांद्याला हात लावून विचारलं – कसं वाटतंय?

का केलं? हसवायचं होतं. दुसरं कारण सापडत नाही.

त्याने डोळे उघडले. जाळीवरच्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग खिडकीतल्या तोंडांकडे. आणि मला म्हणाला, "मस्त वाजी राहिनं, आप्पा. एकदम मस्त."

सगळे हसले. मीही हसलो.

त्याला माहीत होतं. हाताखालचं थांबलेलं त्याला कळणार नाही? तरी चार लोकांत मला हवं होतं ते त्याने दिलं. डबा उचलला आणि आत गेला. मला तेव्हा काही वाटलं नाही. नंतर वाटायला हवं होतं तेही नीट वाटलं नाही. रात्री एका ताटलीत भाकरी मोडून आम्ही जेवलो.

पुढे गावाला लग्न निघालं. सगळे गाडीत बसले. दादा म्हणाला, मी एसटीने येतो, "माले बंद गाडी लागस." वहिनी म्हणाल्या, कधीपासून? त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीच म्हणालो, "हो वहिनी, परवा उलटी झाली त्याला गाडीत." इतक्या सहज म्हणालो.

मग ते पक्कंच झालं. दादाला गाडी लागते. पोरांना, पाहुण्यांना, सगळ्यांना माहीत. तो पुन्हा कधी माझ्या गाडीत बसला नाही. स्पीकरबद्दल आम्ही बोललो नाही.

काही वर्षांनी त्याची छाती भरली, श्वास पुरेना. गाडी दारात होती. मी किल्ली घेतली तर वहिनीच म्हणाल्या, "रिक्षा बघा भाऊजी, त्यांना गाडी लागते." तेव्हा तरी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी कोपऱ्यावर जाऊन रिक्षा आणली.

रिक्षा पुढे, मी गाडी घेऊन मागे. तिच्या मागच्या प्लास्टिकमधून दोघांची डोकी दिसत होती. खड्डा आला की त्याचं डोकं वहिनींच्या खांद्यावर आदळायचं. वहिनी हाताने धरायच्या, पुन्हा सुटायचं. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मी रिक्षा थांबवली नाही. दवाखान्यापर्यंत तसाच मागे गेलो.

तो घरी परत आला नाही. वहिनी अजून लोकांना सांगतात – ह्यांना गाडीचं सुख कधी घेता आलं नाही, लागायची ना. मी तिथे असलो तर मान हलवतो.