मामा, मुसळ आणि गाडीचा पट्टा

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या जन्मात एकही गोष्ट न मोजता केली नाही. लग्नसुद्धा. मुलगी बघायला सावर्ड्याला गेले तेव्हा एसटी थांब्यापासून मुलीच्या दारापर्यंत पावलं मोजत गेले, आणि पोह्यांची बशी हातात आल्यावर मुलीला पहिला प्रश्न विचारला तो नावाचा नव्हे, शिक्षणाचा नव्हे, तर अंगणाच्या रुंदीचा. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मोजून घ्या." मामांना तेवढंच पुरलं. बशी बाजूला ठेवून ते अंगण मोजून आले आणि तिथल्या तिथे होकार देऊन मोकळे झाले. हे मला खुद्द मामींनी सांगितलं. सांगताना साठीतल्या मामी चक्क लाजल्या होत्या.

मामा रत्नागिरीत जमीन मोजणीच्या खात्यात होते. तीस वर्षं त्यांनी कातळावर, भातखाचरांत, आंब्याच्या बागांत साखळी ओढली, भावाभावांच्या हद्दी ठरवल्या आणि दोन्ही भावांच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर साखळी सरकारजमा झाली, सवय मात्र घरी आली. घराबाहेर पडताना माणसं खिशातलं पाकीट चाचपतात, मामा टेप चाचपायचे. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, मंडळींनी अक्षतांचे हात उचलले, आणि मामांनी गुरुजींना थांबवलं. अंतरपाट डावीकडे दोन इंच खाली होता म्हणे! तो सरळ होईपर्यंत तीनशे माणसं हात वर करून उभी होती आणि मी अंतरपाटामागे दातओठ खात होतो. मासळीबाजारातही तेच. सुरमईच्या तुकडीला टेप लावली तेव्हा कोळीण म्हणाली, "भाऊ, कालवण करायचंय का घराचा पाया घालायचाय?" मामा चिडले नाहीत. पाऊण इंचाहून जाड तुकडी मध्ये कच्ची राहते, हे त्यांनी तिला शांतपणे समजावून दिलं, आणि पुढच्या खेपेपासून ती बाई निमूटपणे पाऊण इंचाच्या तुकड्या करून देऊ लागली. त्यांच्यापुढे शेवटी सगळेच असे हात टेकायचे.

अशा माणसाच्या हाती गाडी पडली. कोकण रेल्वे सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी आपली क्रीम रंगाची जुनी गाडी विकायला काढली आणि मामांनी ती घेतली. तिचं बॉनेट उघडायचा हक्क जगात एकट्या मामांना होता. नाक्यावरच्या मेस्त्रीने एकदा कौतुकाने नुसता हात ठेवला, तर मामांनी त्याच्यादेखत तिथे फडकं मारलं. टाकीतलं पेट्रोल ते काठी घालून बघत, कारण काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आणि चालवत कशी? एकदा मी त्यांच्याबरोबर गणपतीपुळ्याला गेलो. वाटेत एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं, थोडं पुढे जाऊन थांबला आणि गाडी बंद पडलीय का, धक्का देऊ का, असं आपुलकीने विचारू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा म्हणाले, भला माणूस दिसतोय.

गाडीबरोबरच मामांनी एक जादा फॅन बेल्ट घेऊन ठेवला होता. इंजिनचा पंखा आणि डायनामो फिरवणारा तो रबरी पट्टा. ऐनवेळी तुटला तर पंचाईत नको, हा विचार चांगलाच होता. पण ठेवला कुठे? तर मागच्या पडवीत, आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीवर जी दोरी बांधलेली असते तिथे, पडवळाच्या आणि काकडीच्या बियाण्याशेजारी. धुरावर टांगलेलं बियाणं किडत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मामांनी तोच न्याय पट्ट्याला लावला. रोज सकाळ-संध्याकाळ तो पट्टा धूर खात होता आणि मामा निर्धास्त होते.

त्याच सुमारास मामींचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण एसटीची पायरी त्यांना चढवेना, आणि रेल्वेच्या डब्यात चढणं तर लांबच राहिलं. मामांनी गाडी तोवर पुळ्यापलीकडे कधी नेली नव्हती. त्यामुळे दीड वर्ष मामी माहेरी गेल्या नव्हत्या. सावर्ड्याला त्यांची नव्वदीची आई धाकट्या भावाकडे होती. म्हातारीला अलीकडे कुणाची ओळख राहिली नव्हती, पोटच्या मुलालाही ती "तुम्ही कुठले?" म्हणून विचारायची. आणि एका सोमवारी संध्याकाळी त्या भावाचा फोन आला. दुपारपासून आई शुद्धीवर असल्यासारखी बोलतेय, आणि एकच विचारतेय, बाबी कधी यायची? बाबी म्हणजे आमच्या मामी. ही ओळख किती टिकेल ते कुणी सांगावं, जमेल तितक्या लवकर या, असं भाऊ म्हणाला. मामी रात्रभर झोपल्या नसाव्यात. सकाळी सातला मी मदतीला गेलो तर त्या इरकली नेसून, नारळाच्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर तयार बसलेल्या.

त्यांना आधार देऊन आम्ही गाडीत बसवलं. गाडी फाटकापर्यंत गेली. पुढून फट्कन आवाज झाला आणि मामांच्या समोर लाल दिवा लागला. बॉनेट उघडलं तर पट्टा तुटून खाली लोंबत होता.

मी म्हटलं, तशीच नेऊ या. मामा म्हणाले, हातखंब्याचा नाका यायच्या आतच इंजिनचं पाणी उकळेल आणि हिला रस्त्यात बसवावं लागेल. मी म्हटलं, भाड्याची गाडी आणतो. पण तो मंगळवार अंगारकीचा! रत्नागिरीतल्या झाडून सगळ्या गाड्या पहाटेच पुळ्याला गेलेल्या, आणि नाक्यावरचा मेस्त्रीही गॅरेजला कुलूप लावून दर्शनाच्या रांगेत उभा. मामांना त्याचं काहीच वाटलं नाही. आपल्याकडे दुसरा पट्टा आहे ना, असं म्हणत ते ऐटीत मागच्या पडवीत गेले आणि दोरीवरून पट्टा काढून घेऊन आले. जरा वाकवला मात्र, कुरडई मोडावी तसा त्याचा तुकडा पडला. दुसरीकडे वाकवला, तिथेही पडला. मामा हातातल्या तुकड्यांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कीड मात्र लागलेली नाही."

मला हसावं की रडावं कळेना. मामींना उतरवून पुन्हा ओट्यावर बसवलं, तेव्हा त्यांनी डबा घट्ट धरून ठेवला होता. मग मामांनी तुटलेला पट्टा ओट्यावर सरळ पसरला आणि टेप काढली. त्यावरचा नंबर पुसून गेला होता. लांबी, रुंदी, जाडी त्यांनी तीनतीनदा मोजली आणि चिठ्ठीवर लिहून दिली. मी स्कूटर दामटत बाजारात गेलो. सुट्या भागांचं एकच दुकान उघडं होतं. दुकानदार चिठ्ठी बघून हसला, शिंप्याकडे जायचं ते इकडे आलात का म्हणाला. पण त्याने तीन-चार पट्टे काढून मोजले आणि त्यातला एक अगदी सुताला सूत जुळला. मामांच्या टेपला मी जन्मात पहिल्यांदा मनातल्या मनात हात जोडले.

परत आलो तेव्हा साडेआठ झाले होते. पुढचं काम तसं सोपं. डायनामोचा बोल्ट सैल करायचा, डायनामो इंजिनकडे ढकलायचा, पट्टा पंख्याच्या पात्यांवरून आत घेऊन पुलीच्या चाकांवर चढवायचा, डायनामो बाहेर ओढून पट्टा ताणायचा आणि बोल्ट आवळायचा. पण खाऱ्या हवेने बोल्ट असा गंजलेला की खोबरेल तेल घालून अर्धा तास त्याची मनधरणी करावी लागली. डायनामो ओढून धरायला तरफ हवी म्हणून मामांनी घरातून मामींचं मुसळ आणलं. दिवाळीच्या पोह्यांचं मुसळ ते! एरवी मामींनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी त्या मुसळाकडे बघूनही न बघितल्यासारखं करून रस्त्याकडे डोळे लावून बसल्या.

पट्टा चढला. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि तिथेच फसलो. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं की पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबला असता अर्धा इंच दबला पाहिजे. मामांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "अंगठा कुणाचा?" आता याला काय उत्तर द्यायचं! मामांच्या अंगठ्याने पट्टा अर्ध्या इंचाला जरा कमी दबत होता, माझ्या अंगठ्याने जरा जास्त. बोल्ट सैल केला, मुसळाने ओढलं, आवळला, मोजलं. पुन्हा सैल केला. जास्त ताणला तर डायनामो घासतो, कमी ताणला तर पट्टा घसरतो, हे ते मला प्रत्येक वेळी नव्याने सांगत. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. दहा वाजून गेले. मी मुळातच तापट, त्यात मुसळ धरून हात भरून आलेले. मी सरळ ओरडलो, की मामा, पुरे करा आता, ही काय सरकारी हद्द आहे का? तसे मामा आणखीच शांत झाले आणि त्यांनी सातव्यांदा टेप उघडली.

तेव्हा मामी काठी टेकत उठल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलल्या.

"अहो, आई आज मला विचारतेय. उद्याचं मला माहीत नाही."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. टेप मिटली. अंगठ्याने पट्टा एकदाच दाबला, म्हणाले, "असू दे एवढा," आणि बोल्ट आवळून टाकला. हात धुवायलाही थांबले नाहीत. मला त्या माणसाचा मघाशी जितका राग आला होता, तितकीच आता माया आली. तो सातव्यांदा मोजत होता तेव्हा हट्ट नव्हता तो. सत्तर किलोमीटरच्या रस्त्यात बायकोला कुठे उन्हात बसायची वेळ येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते सांगायला मोजण्यापलीकडची भाषा त्याला येत नव्हती.

त्या दिवशी मामांनी गाडी कशी चालवली, हे मी सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. संगमेश्वरच्या वळणांवर एका ट्रकला मागे टाकलं त्यांनी! मामी डोळे मिटून बसल्या होत्या आणि मी देवाचं नाव घेत होतो, कधी पट्ट्यासाठी, कधी जिवासाठी. पट्टा टिकला. बाराच्या सुमाराला आम्ही सावर्ड्यात पोहोचलो.

बाजारामागच्या घरात मधल्या खोलीत म्हातारी पलंगावर पडली होती. मी मामींना धरून आत नेलं. म्हातारी आढ्याकडे बघत होती. मामी पलंगाच्या कडेला बसल्या, तिचा हात हातात घेतला. एकेक बोट चोळत राहिल्या. मग म्हातारीची मान वळली. ती म्हणाली, "बाबी, केस किती पांढरे झाले गो तुझे."

मामींनी डबा उघडून वडीचा कण तिच्या ओठांवर ठेवला. म्हातारीने तो चघळला, पाय कसा आहे विचारलं, जावई कुठे आहेत विचारलं, मामींचा गाल दोन्ही हातांनी कुरवाळला. मामी रडत होत्या आणि हसत होत्या. मग म्हातारीचे हात सैल झाले. तिने मामींकडे परक्यासारखं पाहिलं आणि तुम्ही कुठल्या, असं फार गोड आवाजात विचारलं.

मी बाहेर आलो. मामा आत आलेच नव्हते. भर उन्हात गाडीला टेकून, काळ्या हातांनी उभे होते. उशीर झाला असला तर तो आपल्यामुळे, या भीतीने त्यांना उंबरा ओलांडवला नसणार.

"ओळखलं?" त्यांनी विचारलं.

"ओळखलं. बाबी म्हणाल्या. तुमचीही चौकशी केली."

मामांनी तोंड फिरवलं आणि उगीच काच पुसली. थोड्या वेळाने विचारलं, "किती वेळ?"

"मोजलं नाही, मामा."

"बरं केलंत," ते म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.

खरं म्हणजे पलंगासमोरच भिंतीवर घड्याळ होतं आणि माझं लक्ष सारखं त्याच्याकडे जात होतं. सात मिनिटं. मामा होते तोवर मी त्यांना ते कधी सांगितलं नाही.