ॲडमिशनच्या दिवसांतली विभूती

लेकीसाठी मेस शोधत फिरणारे आईबाप तुम्ही कधी जवळून बघितलेत का? आम्ही दरवर्षी बघायचो. लातूरच्या चौकाचौकांत कोचिंग क्लासचे बोर्ड लागले आणि आमच्या गल्लीत घर तिथं हॉस्टेल, हॉस्टेल तिथं मेस झाली. शांताकाकूंच्या मेसमध्ये मी भाज्या चिरायचे. तिथली भांडी रोज घासून संपायची, किस्से मात्र साचत गेले. सांगायला बसलं की आधी हसू येतं, मग मान खाली जाते.

*

आईबाप आधी वरणाचा वास घ्यायचे, मग पाणी फिल्टरचं आहे का विचारायचे. खरा प्रश्न चपला घालताना यायचा. कंधारच्या एका बाईंनी असाच विचारला.

"सैपाकाला कोण हाय?"

"सुमन हाय. लई स्वच्छ हाय," काकू म्हणाल्या.

"स्वच्छ तर आमची म्हैसबी हाय. कुणातली हाय, ते विचारतेय मी."

*

सुमनबाई काकूंच्या आणि माझ्याच गावची. तिचं घर वेशीबाहेर होतं. तिच्या हातचं पाणीसुद्धा गावात कुणी घेत नव्हतं. भूकंपात वेस पडली, घरं पडली, तिचा नवरा ढिगाऱ्यात गेला. उरलेले सगळे पत्र्याच्या शेडात एका रांगेत राहायला आलो. चूल एकच, आणि भाकरी सुमनबाईची, कारण तिच्यासारखी पातळ भाकरी कुणालाच थापता येत नव्हती. काकूंच्या सोवळ्यातल्या सासूबाईसुद्धा मागून घ्यायच्या.

मग नवं गाव बांधायचं ठरलं. पुनर्वसनाचे साहेब म्हणाले, चिठ्ठ्या टाकून घरं वाटू. तसे एक म्हातारे उठले.

"साहेब, ह्या पत्र्यात समदी घरं एकसारखी. कोण कुणाचं कळंना. जीव घाबरा होतो बघा. आमची आमची गल्ली तेवढी द्या, बाकी कायबी नको."

भिंती उभ्या राहायच्या आधी गल्ल्या ठरल्या. सुमनबाईला गावाच्या शेवटची मिळाली.

*

काकूंनी लातूरला मेस काढली तेव्हा सुमनबाईला त्यांनीच बोलावून आणलं. काकू मनानं वाईट नव्हत्या. सुमनबाईची लेक नांदेडला नर्सिंग शिकत होती, तिचं शिक्षण ह्या चुलीवरच चाललं होतं. ही चूल सुटली तर पोरीला घरी आणावं लागणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

पण काकूंना पालकांची भीती वाटायची. म्हणून ॲडमिशनच्या दिवसांत त्या सकाळीच देवघरातून विभूतीची वाटी आणायच्या आणि आम्हा सगळ्या बायकांच्या कपाळावर तीन बोटं ओढायच्या. मग दारातून डोकावणारे आम्हाला काकूंच्याच जातीतल्या समजायचे आणि काही विचारायचेच नाहीत.

पहिल्यांदा लावली तेव्हा सुमनबाई म्हणाली, "काकू, एवढ्याशा राखंनं जात बदलती? मग ह्या चुलीत तर ढीग पडलाय की."

काकू हसल्या. घामानं पुसट झाली होती म्हणून त्यांनी तिला दुसरा हात लावला.

*

काकू रंगानं सावळ्या, सुमनबाई केतकीसारखी गोरी. एकदा काकू दारात पातेलं घासत होत्या, तेवढ्यात बिलोलीचे एक गृहस्थ आले.

"ए बाई, मालकिणीला बोलव," ते काकूंना म्हणाले आणि थेट आत शिरून सुमनबाईपुढं त्यांनी हात जोडले. "नमस्कार ताई. सांगायची गरजच न्हाई. घराणं चेहऱ्यावरच दिसतं माणसाचं."

मग त्यांनी आवाज बारीक केला. "ती भायेरची बाई चुलीपशी येत न्हाई ना?"

"न्हाई हो," सुमनबाई म्हणाली. "तिला कुठं येतोय सैपाक!"

काकू दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत. गृहस्थांवर मात्र रागावल्या नाहीत, त्यांची पोरगी मेसला लागली होती.

*

पोरी जेवतानासुद्धा अभ्यासाचंच बोलायच्या. डोळ्यांचा रंग कुठून येतो, केस कुरळे का होतात. त्यातली एक धिटुकली होती. तिनं क्लासमध्ये सरांना विचारलं, "सर, मग जात कुठल्या जीनवर असते?"

वर्ग हसला. सरांनी फळा पुसला आणि म्हणाले, "परीक्षेला येत नाही. सोडून द्या."

पोरीनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा सुमनबाई तिच्या ताटात भाकरी वाढत होती. म्हणाली, "परीक्षेला कशी येत न्हाई बाई? आमची तर रोज असती."

*

आणि मग त्या वर्षी किसनअण्णा आले. आमच्याच गावचे, नातीला घेऊन. ओसरीवर आणखी चार-पाच पालक बसलेले. अण्णा सवयीनं आत डोकावले आणि थबकले.

"सुमन? तू हितं? आन् कपाळाला हे काय?"

काकूंनी चहाचा ट्रे ओसरीवरच टेकवला. सुमनबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि शांतपणे विचारलं, "अण्णा, दाढ बरी हाय का आता? शेडात तुम्हाला दुधात कुस्करून द्यावी लागायची."

अण्णांनी पालकांकडं बघितलं. "तवाची गोष्ट येगळी व्हती. तवा येळ आलती तसली."

नात म्हणाली, "आजोबा, मला हितंच जेवायचंय." त्यांनी तिचा दंड धरला आणि पायऱ्या उतरले. त्यांच्यामागं बाकीचेही उठले. चहा तसाच राहिला.

काकू आत आल्या. सुमनबाईकडं न बघता म्हणाल्या, "थोडे दिवस घरी राहा सुमन. ॲडमिशनं होऊ दे."

"आन् पोरीला काय सांगू, काकू?"

काकू ओसरीवरचे कप उचलायला गेल्या. आम्ही खाली मान घालून भाजी निवडत राहिलो. सुमनबाईनं परातीतलं उरलेलं पीठ संपेपर्यंत भाकरी थापल्या, हात धुतले आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी कुणालाच जमेना, म्हणून सगळ्या पोरींच्या ताटांत कोपऱ्यावरच्या बेकरीचा पाव पडला. त्याचं पीठ कुणी मळलं, हे एकाही आईबापानं विचारलं नाही.