रिकाम्या वावराची जागल

माझी पिशवी काढली तेव्हा वावरात तूर उभी होती. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात, आणि ती काढल्याचं दाढ काढल्यासारखं सहज सांगतात. मी अंगणवाडी सेविका. वीस वर्षं बायकांना शरीराचे तक्ते दाखवत आले. गर्भाशय कुठे, अंडाशय कुठे, पट्टी ठेवून सांगायचे. त्यामुळे मला सगळं कळतं असा गावाचा समज आहे. माझाही होता.

दीड महिना वजन उचलायचं नाही आणि नवऱ्याजवळ जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पहिली गोष्ट मी घरात सांगितली. दुसरी सांगावी लागली नाही. सासूबाईंनी माझी बाज स्वतःच्या बाजेशेजारी टाकली आणि आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जागलीवर धाडलं. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून रात्री वावरात राहायचं, ती जागल. एरवी नवरा आणि दीर पाळीपाळीने जायचे. आता रोज नवराच जायला लागला.

दीड महिन्याने तपासणीला गेले तेव्हा नणंद सोबत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं छान भरून आलंय, आता नेहमीसारखं राहा, काही विचारायचंय का? वांगं खाल्लेलं चालेल का, असं मी विचारलं. तक्ते दाखवणारी बाई मी. वांगं मला आवडतही नाही.

तूर निघाली, मग हरभराही निघाला. नवरा डबा घेऊन जागलीवर जातच राहिला. भाऊ आता ढेकळं राखते म्हणून दीर हसायचा, सासूबाईही हसायच्या. मला हसू येत नव्हतं. या माणसाला मी नकोशी झाले, हेच डोक्यात घोळायचं. बाईपण हॉस्पिटलात ठेवून आलेली बाई त्याला कशाला हवी असेल? नळावर एक म्हातारी मला म्हणाली की आता तुले कायमची सुटी. तिचा असा राग आला की अर्धी भरलेली बादली घेऊन मी घरी आले. मला सुटी नको होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे कुणाला सांगायचं?

शेवटी एका सकाळी चहा घेऊन मीच वावरात गेले. सगळं वावर नांगरून मोकळं पडलं होतं आणि नवरा मचाणाखाली बसला होता.

"तुमी काय राखून राह्यले इथं?" मी विचारलं.

त्याने आधी चहा संपवला. मग खाली बघत म्हणाला, "मले भेव लागते. आतल्या टाक्यायचं मले काय समजते? माह्यानं तुले काही झालं तं?"

मला हायसं वाटलं आणि लगेच संतापही आला. तीन महिने मी स्वतःला टाकाऊ समजत होते आणि हा माणूस माती राखत होता. पण त्याला कुणी सांगितलं होतं? डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं आणि मी तोंड शिवून बसले.

पुढच्या आठवड्यात नणंदेऐवजी त्यालाच दवाखान्यात नेलं. या वेळी वांगं काढलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: अंडाशयंही काढलीत, त्यामुळे आतून कोरडेपणा राहील, त्यासाठी जेल मिळतं, घाई करायची नाही. दुखलं तर थांबायचं, हे त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. तो पंख्याकडे बघत मान हलवत होता. मेडिकलमधून जेल मात्र त्यानेच आणलं, रुमालात गुंडाळून.

सासूबाई लग्नाला दिग्रसला गेल्या, त्या दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. तो फार जपून वागत होता. तरी दुखलं. मी थांबा म्हटलं आणि तो लगेच थांबला. बाजूला होऊन कुठं दुखलं ते विचारू लागला. मला एकदम रडू फुटलं. तो घाबरला, टाके उसवले काय म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

टाके ठीक होते. दुखणंही काही नवं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी कितीदा तरी दुखलं होतं. थांबा मात्र बावीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच म्हटलं होतं.