तांदळातली काच

घरफोड्या खरोखर कमी झाल्या का, हे तपासणं ही परदेशातल्या या शहराच्या कचेरीतली माझी नोकरी. एकदा फोडलेल्या घरात चोर पुन्हा येतो, म्हणून आमच्या शहरानं योजना काढली होती: अशा घरांना कुलपं आणि अलार्म फुकट. अट एकच, पोलिसांत तक्रार हवी. आपल्या लोकांच्या वस्तीतून तक्रारी जवळजवळ थांबल्या आणि साहेब खूश झाले. मला ते पटेना, कारण इथल्या मराठी मंडळाच्या पंगतीत वेगळंच कानावर यायचं.

शेवटी ओळखीच्या एका काकूंकडे गेलो. काका गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून काकांचे बूट अजून दाराबाहेर ठेवायच्या. सगळे मंडळाच्या गणपतीला गेले असताना चोरांनी मागच्या दाराची काच फोडली आणि थेट तांदळाचा डबा उपडा केला. आपलं सोनं कुठे असतं हे त्यांनाही पाठ झालंय. मी गेलो तेव्हा काकू तांदळातली काच निवडत होत्या.

"काकू, टाकून द्या ते! आणि कम्प्लेंट करा, लॉक्स फ्री मिळतील. ते परत येतात हो."

"नको रे. मुलाला कळलं तर घर सेल करायला लावेल. टेक्सासला त्याच्याकडे एका खोलीत बसून काय करू? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला त्यांचा राग आला आणि त्यांचं म्हणणं पटलंही. साहेबांकडे शब्द टाकला, तर म्हणाले, तक्रारीशिवाय काही नाही, आणि तिथे तर गुन्हे घटलेत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शनिवारी मीच कुलूप आणून मागच्या दाराला बसवलं. काकूंनी चहा केला.

पुढच्या महिन्यात चोर भरदिवसा खिडकीतून आले. काकू देवापाशी बसल्या होत्या. त्यांना ढकललं, खुब्याचं हाड मोडलं. शेजारणीनं पोलिसांना बोलावलं, मुलगा विमानानं आला, आणि घर विकायला निघालं. हॉस्पिटलमध्ये काकूंनी माझा हात धरला. "मागच्या वेळचं त्याला सांगू नकोस हं."

तक्रार झाली होती, त्यामुळे नियमानुसार अलार्म मंजूर झाला. तोवर काकू टेक्सासला गेल्या होत्या. दार उघडून द्यायला मीच गेलो. अलार्म बसवायला आलेल्या माणसानं बाहेरचे बूट पाहिले आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरमालक झोपलेत का आत?"

कोणी नाही, मी म्हटलं.